रेफर चिठ्ठी फुकट, नागपूरची फेरी महाग

लेकरू सहा महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही, दीड वर्षाचे झाले तरी पाऊल टाकत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही. अशी शंका नरखेड तालुक्यातल्या आईबापांना आली तर तपासणी आणि उपचाराला किती पैसे लागतात? सरकारी वाटेने गेलात तर डॉक्टरला शून्य, फिजिओथेरपीला शून्य, स्पीच थेरपीलाही शून्य. तरीही सहा महिन्यांत एखाद्या घराचे तीस-पस्तीस हजार रुपये सहज जातात. ते कुठे जातात आणि त्यातले किती वाचवता येतात, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. बहुतेक पैसे रस्त्यावर जातात, आणि पहिली रेफर चिठ्ठी कशी लिहिली गेली यावर त्यातले बरेचसे ठरतात.

आधी ही वाट कशी आहे ते पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणजे आरबीएसके ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यातल्या पालघरमधून देशभर सुरू झाला. जन्मतः असलेले व्यंग, बालपणीचे आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि वाढीतला विलंब अशा चार गोष्टी जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत शोधायच्या, हे त्याचे काम. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषध निर्माता असे पथक गाडी घेऊन फिरते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथकाला काही आढळले आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नरखेडच्या ग्रामीण रुग्णालयात निभण्यासारखे नसले, की लेकराला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. दवाखान्यातले लोक त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात. नागपूर जिल्ह्यासाठी हे केंद्र डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालयात आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे, दंतवैद्य, विशेष शिक्षक, समाजसेवक अशी सगळी माणसे एका छताखाली असावीत, ही त्यामागची कल्पना.

पण पथकाच्या गाडीची वाट पाहत बसू नका. वर्षातून दोनदा म्हणजे मध्ये सहा महिने, आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे सहा महिने म्हणजे त्याचे निम्मे आयुष्य. आशाताई नवजात बाळासाठी पहिल्या सहा आठवड्यांत ठरलेल्या भेटी देतात. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येऊन वाढ पाहणे हेही त्यांचे काम आहे. या भेटीत ‘सगळं ठीक आहे ना?’ असे विचारले की आपण सवयीने ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी माता-बाल संरक्षण कार्डात वाढीच्या टप्प्यांचे पान आहे ते उघडून एकेक टप्पा आशाताईंना दाखवा. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरणे, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसणे, दीड वर्षापर्यंत चालणे आणि एखादा अर्थाचा शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे. यातला एखादा टप्पा थोडा मागेपुढे झाला म्हणजे आजार आहे असे नाही. पण ‘बापही उशिरा बोलला होता’ असे सांगणाऱ्या शेजारणीचा सल्ला तपासणी झाल्यावर ऐकावा, तपासणीऐवजी नव्हे.

अंगणवाडी सेविकेलाही हे सांगा. दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीचा वेगळा प्रोटोकॉल २८ नोव्हेंबर २०२३ ला देशपातळीवर जाहीर झाला आहे. अशी लेकरे ओळखणे, त्यांना अंगणवाडीतच सामावून घेणे आणि पुढे पाठवणे त्यात येते. तेव्हा ‘हे आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळाले तर पंचायत समितीतल्या बाल विकास प्रकल्प कार्यालयात जा.

आता चिठ्ठी. ‘वाढ कमी, डागाला दाखवा’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी घेऊन निघालात तर नागपूरची पहिली फेरी फुकट जायची शक्यता मोठी. तिथे बसलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागते, आणि ज्या तज्ज्ञाची गरज आहे तो नेमका त्या दिवशी नसतो. म्हणून पथकाच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर काही गोष्टी लिहून घेतल्याशिवाय उठू नका. लेकराचे नाव आणि जन्मतारीख कार्डाप्रमाणे. कितव्या आठवड्यात जन्म, जन्मवजन किती, जन्मल्याबरोबर रडले की नाही, काचेत ठेवले होते का. आता नेमके काय दिसले: ‘वाढ कमी’ नव्हे, तर ‘अकरा महिने, आधाराशिवाय बसत नाही, उजवा हात वापरत नाही’. कोणत्या विभागाकडे पाठवले आणि कोणी पाठवले, त्या डॉक्टरांचा मोबाइल नंबरही. सगळ्यात महत्त्वाची तारीख. डॉक्टरांना म्हणा, ‘साहेब, इथूनच केंद्रात फोन लावून आमची तारीख घेऊन द्या, आणि त्या दिवशी कोण कोण आहे तेही विचारा.’ पथकाकडे केंद्राचे नंबर असतात. हा दोन मिनिटांचा फोन तुमचा एक अख्खा दिवस वाचवतो. कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर जायचे तेही तेव्हाच विचारून घ्या. मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपासून योग्य दारापर्यंत पोहोचायलाच तास जातो. आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. मूळ कागद पहिल्याच टेबलावर राहून जातो, हे दवाखान्याची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

फेरीचा हिशेब मांडू. नरखेड ते नागपूर रस्त्याने नव्वद किलोमीटरच्या आसपास. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचा दर सहा किलोमीटरच्या टप्प्याला १०.०५ रुपये आहे. पंधरा टप्पे धरले तर एका बाजूचे दीडशे रुपये झाले. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट असल्यामुळे आईचे जाऊन-येऊन दीडशेच, बापाचे मात्र तीनशे, आणि पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही. नागपुरातला ऑटो आणि दिवसभराचे खाणेपिणे मिळून समजा दोनशे. मजुरी कोणाची किती बुडाली हे घरोघरी वेगळे, म्हणून रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्याचा दर घेऊ: दिवसाला ३१२ रुपये. दोघांचे ६२४. एका फेरीचे झाले पावणेतेराशे. लोहारी सावंगा, मोवाड किंवा थडीपवनीकडच्या घरांना गावातून मोठ्या रस्त्यापर्यंत येण्याचा खर्च वेगळा.

आता हीच फेरी दर आठवड्याला, दोघांनी, सहा महिने केली तर सव्वीस फेऱ्यांचे तेहतीस हजारांवर जातात. उलट, पहिल्या महिन्यात दोघांनी मिळून दोन फेऱ्या केल्या आणि नंतर महिन्यातून एकदा एकट्या आईने लेकराला नेले, तर त्याच सहा महिन्यांचे साडेपाच-सहा हजारांत भागते. पहिल्या फेऱ्यांना दोघांनी जावेच, असे माझे मत आहे. निदान एकट्या आईने ऐकले की घरी येऊन तिला साक्षीदारासारखे उभे राहावे लागते, आणि सासू-सासऱ्यांच्या शंकांना उत्तरे द्यायची वेळही तिच्यावरच येते. बापाचे तीनशे रुपयांचे तिकीट तिथे वसूल होते.

नरखेड हे नागपूर-इटारसी मार्गावरचे जंक्शन आहे. पॅसेंजर गाडीचे तिकीट एसटीपेक्षा स्वस्त पडते. पण परतीची गाडी ओपीडी संपण्याच्या वेळेशी जुळते का, ते पाहूनच ठरवा. गाडी चुकून संध्याकाळी लेकराला घेऊन फलाटावर बसावे लागले तर वाचलेले पैसे चहा-बिस्किटांत जातात.

महिन्यातून एकदा गेले तर थेरपी पुरेल का? हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तर नागपुरात नाही, तुमच्या ओसरीवर आहे. थेरपिस्ट लेकराला पाऊण तास हाताळतो. उरलेला सगळा वेळ ते आई, आजी आणि मोठ्या बहिणीच्या हातात असते. लहान लेकरांच्या थेरपीचा खरा भार घरच्यांनी दिवसातून अनेकदा, आंघोळ घालताना, भरवताना, खेळवताना करायच्या गोष्टींवर असतो. म्हणून प्रत्येक भेटीच्या शेवटी थेरपिस्टला सांगा, ‘घरी करायच्या दोन-तीनच गोष्टी द्या, आणि मी करून दाखवते, चुकत असेल तर सांगा.’ पंधरा व्यायामांचा छापील कागद घेऊन येऊ नका, तो भिंतीवर चिकटतो आणि तिथेच राहतो. परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रीकरण करा म्हणजे आजीलाही शिकवता येते. घरी लेकरू कसे बसते, कसे खाते याचा छोटा व्हिडिओ पुढच्या फेरीला घेऊन जा. दवाखान्यात ते रडतच असते, आणि रडणाऱ्या लेकराकडून खरी चाल कळत नाही.

तारीख घेताना संत्र्याचा हंगाम डोळ्यांसमोर ठेवा. आंबिया बहाराची तोड दिवाळीच्या आगेमागे, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. त्या दिवसांत मजुरी चुकवून नागपूरला जाणे जड जाते आणि नेमक्या तेव्हाच्या तारखा चुकतात. चुकलेल्या तारखेनंतर केंद्राकडून फोन येईलच असे धरू नका. आधीच सांगून तारीख पुढे-मागे करून घेतली तर नाव यादीत राहते.

काही बाबतींत मात्र हंगाम, मजुरी, पैसे काहीही पाहायचे नाही. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा. नंतर दृष्टी परत आणता येत नाही. बाहुलीत पांढरा ठिपका दिसला तर मोतीबिंदूची शंका, आणि तिथे आठवडे मोजायचे असतात. ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, दोषाचे पक्के निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, आणि यंत्र किंवा उपाय सहाव्या महिन्यापर्यंत, असा जगभराचा नियम आहे. वळलेला पाय म्हणजे क्लबफूट असेल तर पॉन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलतात. पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात झाली तर पाच-सात प्लास्टरमध्ये पाय सरळ होतो. इथे आठवड्याच्या फेऱ्या टाळता येत नाहीत, आणि नंतरचे रात्रीचे बूट चार-पाच वर्षांचे होईपर्यंत टाळायचे नाहीत. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया काही महिन्यांनी होते, पण दूध कसे पाजायचे हे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावे लागते. आणि बाळ निळे पडत असेल, दूध ओढताना धापत असेल, झटके येत असतील तर चिठ्ठीची वाट न पाहता १०८. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेणे, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवणे आणि घरी सोडणे हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. थेरपीच्या नेहमीच्या फेऱ्यांना मात्र ही गाडी मिळेल असे गृहीत धरू नका.

नागपुरात एक बारीक फरक लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून डागापर्यंत, केसपेपरसकट सगळे मोफत आहे. पण ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये, तिथे हा निर्णय लागू नाही. एमआरआय किंवा कानाच्या बेरा चाचणीसाठी तिकडे पाठवले तर ‘आरबीएसकेतून पाठवले आहे’ हे लिहिलेला कागद सोबत ठेवा आणि पैसे भरण्याआधी तो खिडकीवर दाखवा. शस्त्रक्रियेची गरज असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे कवच आहे आणि १ जुलै २०२४ पासून ते सर्व रेशनकार्डधारकांना खुले आहे. त्यासाठी लेकराचे नाव रेशनकार्डावर चढवायला विसरू नका. बाळ झाल्यावर महिन्याभरात तहसील कार्यालयात ते काम उरकून टाका. ही योजना शस्त्रक्रिया आणि भरतीसाठी आहे, आठवड्याच्या थेरपीसाठी नाही.

खासगी केंद्रात जायचे ठरवले तर? तेही चालते, काही वेळा अंतर आणि वेळ पाहता ते शहाणपणाचेही ठरते. पण महिन्याचा खर्च आधी मांडा. सेशन समजा पाचशे रुपयांचे आणि आठवड्याला तीन सांगितली, तर महिन्याचे सहा हजार झाले, प्रवास वेगळा. हे किती महिने झेपेल ते आजच ठरवा. दोन महिने जोरात करून सोडून देण्यापेक्षा महिन्याला दोन सेशन आणि घरी रोज सराव हे कधीही बरे. वाचा-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयकडे असते. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याच्या स्वतंत्र परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, खरा माणूस तो भिंतीवरच लावून ठेवतो. आईला खोलीबाहेर बसवणारे, तीन महिन्यांचे पैसे एकदम मागणारे आणि ‘पूर्ण बरे करतो’ अशी हमी देणारे केंद्र टाळा. स्वमग्नतेसाठी स्टेमसेलचे इंजेक्शन लाखो रुपयांना विकणाऱ्यांपासून तर चार हात दूरच राहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच त्या उपचाराची शिफारस करता येत नाही असे सांगितले आहे. या इंजेक्शनासाठी शेत गहाण टाकायला निघालेल्या बापाला कोणी तरी हे वाक्य वाचून दाखवावे.

आता कागदपत्रे. थेरपी सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, ही गोष्ट आधी पक्की करा. ‘शिक्का बसेल’ म्हणून जे आईबाप तपासणीच टाळतात त्यांचा यातच घोळ होतो. प्रमाणपत्र लागते ते सवलती आणि साधनांसाठी. बौद्धिक वाढ मागे असलेल्या एक ते पाच वर्षांच्या लेकराला सर्वांगीण विकास विलंब म्हणून तात्पुरते प्रमाणपत्र मिळते आणि पाचव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, म्हणजे शिक्का कायमचा नसतो. अर्ज यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या स्वावलंबन पोर्टलवर, शुल्क नाही. २०२४ च्या सुधारित नियमांत प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, म्हणून अर्ज लवकर टाका. सेतू केंद्रात अर्ज भरून घेतलात तर भरणाऱ्याला द्याल तेवढेच पैसे.

प्रमाणपत्र हातात आल्यावर सगळ्यात आधी ‘निरामय’ विमा घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी राष्ट्रीय न्यासाची ही योजना आहे. वर्षाला एक लाखाचे कवच, नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि इतरांना ५०० रुपये. यात थेरपी आणि प्रवासाच्या खर्चासाठीही मर्यादित रक्कम मिळते. बिल नसेल तर मात्र काही मिळत नाही, म्हणून खासगी थेरपिस्टकडून दर वेळी सही-शिक्क्याची पावती घ्या.

श्रवणयंत्र, कॅलिपर, विशेष खुर्ची अशा साधनांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. कुटुंबाचे उत्पन्न महिना साडेबावीस हजारांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, तीस हजारांपर्यंत निम्म्या किमतीत. त्याच योजनेत जन्मतः ऐकू न येणाऱ्या लेकरांच्या कॉक्लियर इम्प्लांटचाही खर्च निघतो, पण पाच वर्षांच्या आत. नागपुरात दिव्यांगांसाठीचे केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र म्हणजे सीआरसी आहे. डीईआयसीच्या समाजसेवकांना तिकडच्या साधनांविषयी आणि शिबिरांविषयी विचारा. आणि गावातच एक दार आहे ते बहुतेक जण ठोठावत नाहीत: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकांकडे साध्या कागदावर अर्ज द्या, पोच घ्या, आणि ग्रामसभेत विषय काढा.

प्रवासाच्या सवलतीही प्रमाणपत्रावर आहेत. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सूट आहे. पाचच्या आतल्या लेकराला तिकीटच नसल्याने तिचा उपयोग पाचव्या वर्षानंतर. रेल्वेत बौद्धिक दिव्यांग लेकरासोबत जाणाऱ्या एकालाही तेवढीच सूट मिळते, त्यासाठी सरकारी डॉक्टरांचे ठरावीक नमुन्यातले पत्र लागते. नोकरदार बापाला जुन्या करप्रणालीत कलम ८० डीडीखाली ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट घेता येते. तालुक्यातल्या शिक्षक आणि ग्रामसेवक मंडळींनी ही नोंद करून ठेवावी.

मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून असलेल्या तालुक्याची एक खास अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी, आणि माहेर अनेकदा पांढुर्णा किंवा त्याच्या पलीकडचे. बाळाची जन्मानंतरची पहिली तपासणी तिकडे होते, कार्ड तिकडचे असते, पुढची चिठ्ठीही तिकडच्या जिल्ह्याच्या केंद्राची. तीन महिन्यांनी आई सासरी येते तेव्हा इथल्या आशाताईंकडे बाळाची नोंदच नसते. अशा वेळी माहेरच्या दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड दोन्ही घेऊन आल्या आल्या गावच्या अंगणवाडीत नाव घाला, आणि इकडच्या पथकाकडून नागपूरची चिठ्ठी नव्याने करून घ्या. जुनी चिठ्ठी फेकू नका, नवीच्या मागे टाचून ठेवा. तिच्यावरच्या तारखेवरून उपाय कधी सुरू झाला हे पुढच्या डॉक्टरांना कळते. पथक किंवा केंद्र दाद देत नसेल तर आधी ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, मग तालुका आरोग्य अधिकारी, आणि तिथेही अडले तर नागपूरचे जिल्हा शल्यचिकित्सक या क्रमाने, दर वेळी लेखी अर्ज देऊन आणि पोच घेऊन जा.